तू बसवलेले दोन स्क्रू

इकबाल, तू बसवलेले दोन स्क्रू मी मागच्या महिन्यात सोडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला 'आपा, मुद्द्यावर ये' म्हणायला नको. मुद्दा हाच आहे. बाकी मी माझ्या चालीने सांगणार. आता तुला मधे तोडता येत नाही, त्याचा थोडा फायदा मी घेणार.

लोक येतात, बसतात, चहा घेतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. रुवैसच्या रिफायनरीतला तुझा जुना जोडीदार एवढ्या लांबून गाडी हाकत आला. म्हणाला, इकबालभाई नेक माणूस, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा कुठल्या इकबालबद्दल बोलतोय? माझ्या घरात जो राहत होता तो कालवणात मीठ किती यावरूनही वाद घालायचा आणि वर पुरावा मागायचा. त्या दुसऱ्या इकबालची मला ओळख नाही. मला या पहिल्याशीच बोलायचंय.

इकडे आखातात, त्या रुवैसच्या रिफायनरीत तू उमर काढलीस. पंप आणि मोटर एका रेषेत बसवायची, एवढंच काम, पण त्यात तू असा मुरलास की घरात भिंतीवरची फ्रेमसुद्धा तुला वाकडी दिसायची. ती नोकरी संपली, तू अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये लागलास आणि आमच्याकडे अजमानला राहायला आलास. "आपा, थोडे दिवस," म्हणालास. माझ्या नदीमने हॉलमध्ये पलंग टाकला, त्याच्या रुबिनाने मधे पडदा लावला. सून असून तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पहिल्याच सकाळी तू डायनिंग टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवलास आणि म्हणालास, "इतकी वर्षं तुम्ही उतारावर जेवताय." मी समजले. हा आता जात नाही.

आणि मग ती बंदूक.

आपल्या घरात बंदूक हा शब्द कुणी काढला नव्हता. नदीमची सना, माझी नात, शाळेतल्या मैत्रिणीबरोबर क्लबात गेली आणि येऊन म्हणाली, "आजी, आय लव्ह इट." हवेच्या दाबाची बंदूक, समोर कागदाचं टार्गेट, आवाज टाचणी पडल्यासारखा. मला वाटलं महिन्याभरात सुटेल. सुटलं नाही. पोरगी घरी घटकाभर एका जागी बसत नाही आणि तिथे खांबासारखी उभी राहते. मी एकदा बघायला गेले तर मला श्वास घ्यायची चोरी झाली.

बंदूक क्लबातच राहते, घरी आणायची नाही, कायदा कडक आहे आणि ते बरंच आहे. पण तिचा लाकडी दस्ता वेगळा होतो. खांद्याला टेकते ती त्याची मागची पट्टी, बट प्लेट, तडकली होती. त्या कंपनीची मिळेना, म्हणून नदीमने दुसऱ्या कंपनीची मागवली. ती बसेना. केसभर इकडे, केसभर तिकडे. नदीम म्हणाला परत पाठवू. तू कोचला भेटलास, त्याची परवानगी घेऊन नुसता दस्ता पिशवीत घालून घरी आणलास आणि टेबलावर असा ठेवलास जणू पाहुणा आलाय.

"भोक अर्ध्या सुताने बाहेर आहे," तू म्हणालास. तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद मी ईदलाही पाहिला नव्हता.

ते दिवस मला फार आवडायचे, हे तुला कधी बोलले नाही. तू अल क्वोजहून यायचास, हात धुवायचास आणि टेबलाला लागायचास. गोल कानशीने भोक जरा लांबट केलंस. प्लेट बसली, पण डुलायला लागली. एका कोपऱ्यावर दाबली की दुसरा उठायचा. मग तू माझ्या शिलाईच्या डब्यातला खडू मागितलास. मी अबायांचं आणि ब्लाउजांचं काम घेते, माझा निळा खडू म्हणजे माझा हात. मी म्हटलं, "लाकडावर माप घेणार?"

"माप नाही. खोटं पकडणार."

लाकडाच्या मागच्या बाजूला खडू घासलास, प्लेट दाबलीस, उचललीस. प्लेटवर निळा डाग जिथे उठला तिथेच ती टेकत होती, बाकी सगळी हवेत. सनाचे डोळे मोठे झाले. "दॅट्स सो स्मार्ट, मामू." नदीम तुला मामू म्हणतो म्हणून तीही मामूच म्हणायची, आजोबा वगैरे तुला कुणी केलंच नाही. तू पितळी पत्र्याचे पातळ तुकडे कापून खाली सरकवलेस, परत खडू, परत दाब, परत बघ. आणि ते तुकडे तू माझ्या कापडाच्या कात्रीने कापलेस. ते मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी माझी कात्री रेशीम चावायला लागली.

"इकबाल, ही कात्री कापडाची आहे."

"पत्रा कागदासारखाच पातळ होता आपा."

"मग तुझ्या दाताने कापायचा."

सना हसून हसून सोफ्यावर आडवी झाली होती.

शेवटी प्लेट बसली. अख्खी निळी उठली. सनाच्या खांद्याला लावून पाहिलीस, टीशर्टवर, आमच्या एसीत. मस्त टेकली. तू स्पिरिट लेव्हल ठेवलीस, बुडबुडा मधोमध. "खलास," म्हणालास आणि चहा मागितलास.

पण क्लबात जाऊन आली की सना मान चोळायची. गोळ्या एका बाजूला जात होत्या. तू म्हणालास सवय नाही. मी म्हणाले सवयीचं नाही, मापाचं आहे. हे आपलं शेवटचं भांडण, म्हणून नीट मांडते. तुझी बाजूसुद्धा नीट मांडते.

शुक्रवार होता, दस्ता पुन्हा घरी आणलेला होता, तू जुम्म्याहून आलास, हमूर माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी म्हटलं, क्लबात ती ते जाड जॅकेट घालते. कॅनव्हास आणि चामडं, आतून अस्तर, उभं केलं तर उभं राहतं. तू माप घेतलंस टीशर्टवर. थंडीचा कोट शिवताना मी बाईला आत स्वेटर घालून बोलावते. ज्याच्यावर घालायचं, त्याच्यावर माप.

तू म्हणालास, "प्लेट सरळ आहे. सरळ वस्तू कशावरही सरळच बसते."

"खांदा सरळ नाही ना. जॅकेटने तो वरून मागे ओढला जातो."

"आपा, हवेत बोलू नको. खडू लाव."

हे तुझं नेहमीचं. कुठल्याही वादात, मिठाच्यासुद्धा. मग मी तुझाच पंप काढला. रुवैसची ती गोष्ट तू इतक्या वेळा सांगितली होतीस की रुबिनालाही पाठ होती. मोटर थंड असताना ती मुद्दाम जरा खाली बसवायची, बघणाऱ्याला वाकडी दिसली तरी चालेल. चालू झाली, तापली, की ती वर उचलते आणि तेव्हा रेषेत येते. नवे लोक थंड मशीन सरळ बसवतात आणि चालू झाल्यावर ते थरथरतं. मी म्हटलं, "तू पोरीला थंड असताना सरळ बसवलीस. ती चालू होते जॅकेटमध्ये."

तू हातातला घास तसाच धरलास. नदीम खाली मान घालून काटे काढत राहिला. मग तू म्हणालास, "बंदूक म्हणजे पंप नाही."

"पोरगीही नाही."

"ठीक. मग तूच कर. मी हात लावणार नाही," म्हणून उठलास आणि पडद्याआड गेलास. कालवण अर्धं राहिलं. शनिवारी मी वरच्या मजल्यावर अबाया द्यायला गेले, तिथे बोलण्यात वेळ गेला, परत आले तर तू टीव्ही बघत होतास, आवाज बंद करून. काही बोलला नाहीस. मीही नाही. रविवारी सना दस्ता घेऊन क्लबात गेली. आणि त्याच आठवड्यात अल क्वोजहून फोन आला.

त्या दिवसाचं मी सांगत नाही. तो दिवस तुझा नव्हता, डॉक्टरांचा आणि कागदांचा होता.

पुढचं तुला माहीत नाही ते सांगते. सनाने त्या दोन स्क्रूंवर काळी चिकटपट्टी लावली. कोचने प्लेट फिरवायला सांगितली तर म्हणाली, "नोबडी टचेस इट. माय मामू डिड इट." कोच शहाणा माणूस, त्याने जोर केला नाही. पण क्लबची टीम निवडायची वेळ जवळ येत होती आणि पोरगी मान वाकडी करून, दात आवळून नेम धरत होती. रोज घरी येऊन बर्फ लावायची. नदीम समजावायला गेला, "बेटा, मामूलाच आवडलं नसतं." ती एवढंच म्हणाली, "देन आय'ल नॉट ट्राय फॉर द टीम. खलास." तुझा तो खलास तिच्या तोंडून ऐकून नदीम बाल्कनीत गेला.

मी विचारात पडले. स्क्रू सोडायला लावावे तर तिला वाटणार, मामूचा हात पुसला. नाही सोडावे तर पोरगी खेळच सोडणार, आणि तू बसवलेली प्लेट क्लबाच्या कपाटात पडून राहणार, एकदम सरळ, कुणाच्याच खांद्यावर नाही. मला ते बघवलं नसतं.

मी वाद घातला नाही. ऐक, हे लक्षात घे. मी वाद घातला नाही. म्हटलं, सना, तुझ्या जॅकेटची खांद्याची शिवण उसवली आहे, घरी आण, शिवून देते. खरंच उसवली होती, मी खोटं बोलले नाही. आणि म्हटलं, दस्ताही आण, शिवण कुठे घासते ते बघायला लागेल. ती संशयाने बघत होती, पण आणला.

शिवण शिवली. मग तिला जॅकेट घालून टेबलापाशी उभी केली, तू करायचास तशीच. खडू काढला आणि प्लेटवर घासला. चिकटपट्टीला बोट लावलं नाही. म्हटलं, तूच धर, तूच खांद्याला लाव, जशी तिथे लावतेस तशी. तिने लावली, गाल टेकवला, डोळा मिटला. घरात फक्त फ्रिजचा आवाज. मग दस्ता खाली केला आणि मी तिचा खांदा आरशाकडे फिरवला.

खालच्या टोकाला नखाएवढा निळा डाग. बस. बाकी जॅकेट कोरं.

ती आरशाजवळ सरकली. म्हणाली, "बट मामू मेड इट स्ट्रेट."

"सरळच बसवली होती. टीशर्टवर."

ती टेबलापाशी बसली आणि चिकटपट्टीचा कोपरा नखाने उचकटायला लागली. हळूहळू, जखमेवरची काढतात तशी. पट्टी निघाली. मग तिने तुझ्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवला. "यू डू इट, आजी. आय कान्ट."

म्हणून मी सोडले. घट्ट होते रे. मनगटात जोर राहिला नाही माझ्या, दोन्ही हातांनी फिरवले.

प्लेट उचलली. खाली तुझे पितळी तुकडे, जिथे होते तिथे. आणि वरच्या कडेला, त्यांच्याच शेजारी, एक पांढरा तुकडा. मी चष्मा पुसला. बकरम. कॉलर ताठ राहायला आत घालते त्या माझ्या गुंडाळीतलं बकरम, कडेला तो गुलाबी दोरा असतो ना, तेच. दोन पदरी घडी. आणि इतकं वेडंवाकडं कापलेलं की माझ्या ओळखीतला एकच माणूस कापडाचे असे हाल करू शकतो.

सना म्हणाली, "आजी, इज दॅट युअर्स?"

मी तो गुलाबी दोरा बोटाने चाचपला. माझंच होतं.

तो शनिवार. मी वर अबाया द्यायला गेले होते तेव्हा. हात लावणार नाही म्हणून सांगितलं होतंस, आणि मी जिना चढते न चढते तोच तू माझ्या गुंडाळीला हात घातलास. प्लेटची वरची कड बाहेर काढलीस, मी सांगत होते त्याच बाजूला. फक्त जॅकेट तुझ्याजवळ नव्हतं. किती जाड, किती ओढतं, काही माहीत नव्हतं. अंदाजाने घातलंस. तू, इकबाल, अंदाजाने. खडूशिवाय ज्याने मीठ मान्य केलं नाही, त्याने माझ्या तोंडच्या शब्दावर बकरम कापलं. आणि येऊन आवाज बंद केलेला टीव्ही बघत बसलास.

कदाचित तुझं काही दुसरं कारण असेल. लाकूड चेपत असेल, पितळ संपलं असेल. तू असतास तर तेच सांगितलं असतंस. नाहीस, तर मी माझं कारण धरते.

एक जुनी गोष्ट सांगते, तुला आवडणार नाही तरी. नदीमचे अब्बा गेले तेव्हा तू सुट्टीवर गावी आलास. ब्लँकेटमध्ये गुंडाळून शिलाई मशीन आणलंस. कुणी शिकवलं नव्हतं मला, दुसऱ्यांचे कपडे उसवून बघून शिकत होते. प्रवासात मशीनचं चाक जरा कलंडलं होतं, पट्टा उतरायचा. सगळे भेटायला येत होते आणि तू अंगणात उकिडवा बसून चाकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत होतास. अम्मी ओरडली, बहिणीशी दोन शब्द बोल. तू म्हणालास, "बोलतोय ना." तेव्हा मला ते कळलं नव्हतं. त्या मशीनच्या कमाईवर नदीम शिकला, त्याच्या जिवावर आम्ही इथवर आलो. तू आयुष्यभर असाच बोललास, वस्तूंच्या खाली काहीतरी सरकवून. रुवैसच्या कॅम्पात एकटं वाटतं का, असं विचारलं की म्हणायचास, "एसी आहे, मेस आहे, अजून काय पाहिजे?" तिथे तुझ्या खाली कुणी काय सरकवलं असेल, अल्लाह जाणे. आमच्या हॉलमधल्या त्या पलंगावर तू पहाटे घोरायचास, तो आवाज ऐकून मी पुन्हा झोपायचे. तुला सांगितलं असतं तर घोरणंही मोजत बसला असतास.

असो. मी तुझा तुकडा काढला नाही. त्याच गुंडाळीतून आणखी एक पदर कापला, सरळ, आणि तुझ्या तुकड्यावर ठेवला. स्क्रू आवळले, जॅकेट, खडू. अर्धा खांदा निळा. आणखी एक पदर. या वेळी सनाने आवळले. "मामू सेज डोन्ट किल द स्क्रू," म्हणाली आणि शेवटी जरासा मागे घेतला, तुझ्यासारखाच. खांदा आरशाकडे केला तर अख्खी प्लेट उमटली होती, भोकांसकट.

कोचने बघितलं आणि म्हणाला, बसलंय छान, पण कापड दबतं, पितळेचं करा. तू असतास तर तूही हेच म्हणाला असतास. तुझ्या डब्यातल्या पत्र्याचे तेवढेच तुकडे नदीमने कापले, पत्र्याच्या कात्रीने, माझ्या नव्हे. बकरमचे तुकडे सनाने मागून घेतले. कुठे ठेवलेत ते मी विचारलं नाही. माझी कात्री धार लावून आणली आहे. रेशीम परत नीट कापते. तुझी आठवण म्हणून बोथट ठेवायची ती काही कात्री नाही, गिऱ्हाईकं थांबली आहेत.

सनाच्या मानेला बर्फ लागत नाही आता. टीममध्ये नाव आलं, राखीव म्हणून, पण आलं. तिने फोनवर तुझ्या जुन्या जोडीदाराला रुवैसला कळवलं, तो माशाल्ला माशाल्ला म्हणत रडायला लागला. नेक माणूस.

आता नवीन काढलंय. प्लेट बदलली म्हणून दस्त्यावरचा गालाला लागतो तो तुकडा जागेवर राहिला नाही. काल कोचला विचारून तिने दस्ता आणि जॅकेट परत आणलं. सना म्हणते तो वर घ्यायला हवा. मी म्हटलं, अगं वर काय, खाली. तिचा गाल बघ, भरलेला आहे, माझ्यासारखा. ती म्हणाली नो. मी म्हटलं हो. रुबिना आतून म्हणाली, झालं, मामू परत आले. मी आवाज चढवला, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी मापं घेतेय, मला शिकवू नको.

पोरगी जॅकेट घालून टेबलापाशी उभी होती, हात पुढे केलेला. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलायला सांगितलं की ओठ मिटते. डोळे न उचलता म्हणाली, अगदी तुझ्या आवाजात, तुझ्याच त्या कंटाळलेल्या सुरात, "आजी, हवेत बोलू नको. खडू लाव."

मी खडू आणायला उठले.